हिरकपटलांतील ‘दोष’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

रासायनिक बाष्प निक्षेपण, म्हणजेच सीव्हीडी पद्धतीने वाढविलेल्या हिरकपटलांवरील शोधनिबंधांत रामन वर्णपटाला मध्यवर्ती स्थान असते. 1332 प्रतिसेंटिमीटर येथील हिऱ्याची रेषा उंच व अरुंद दिसली की पटल ‘उत्तम’ आणि 1500 ते 1600 या भागात रुंद पट्टा दिसला की ते ‘सदोष’, असा निर्णय पुष्कळदा एकाच वर्णपटावरून दिला जातो. प्रस्तुत लेखात या निर्णयपद्धतीची चिकित्सा केली आहे.

दोषांचे स्वरूप

या पद्धतीत हायड्रोजनमध्ये साधारणतः 1 टक्का मिथेन मिसळतात. तप्त तंतू किंवा मायक्रोवेव्ह प्लाझ्मा यांमुळे वायूंचे विघटन होते आणि सुमारे 700 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानाच्या पृष्ठावर कार्बन साचतो. अणुरूप हायड्रोजन त्यातील ग्राफाइटसदृश भाग काढून टाकतो. हे कार्य अपुरे पडल्यास तसा कार्बन मुख्यतः कणसीमांवर उरतो. याशिवाय रिक्त जागा, जुळे स्फटिक, नायट्रोजन व सिलिकॉनचे अणू असे भिन्न प्रकृतीचे दोष आढळतात. या सर्वांना एकाच ‘दर्जा’ या मोजपट्टीत बसविणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे.

मापनाची मर्यादा

दृश्य लेसर प्रकाशात ग्राफाइटचे रामन प्रकीर्णन हिऱ्याच्या सुमारे 50 पट असते. म्हणून दोन्हींची क्षेत्रफळे समान दिसली, तरी ग्राफाइटसदृश कार्बन जेमतेम 2 टक्के असू शकतो. लेसरची तरंगलांबी न सांगता दिलेले गुणोत्तर त्यामुळे निरर्थक ठरते. उलटपक्षी, काही दोष या वर्णपटात सहजासहजी उमटतच नाहीत. 1990च्या दशकात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. एस. मिश्रा व सहकाऱ्यांनी हिरकपटलांतील हायड्रोजनचा अभ्यास केला. अशा अभ्यासास अवरक्त वर्णपट किंवा आयनपुंज यांसारखी अन्य साधने लागतात.

दोष कशासाठी?

नायट्रोजनचा अणू व त्यालगतची रिक्त जागा मिळून 637 नॅनोमीटरला प्रकाश देणारे केंद्र बनते. प्रकाशीय खिडकीसाठी नायट्रोजन हा दोष आहे. परंतु चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या संवेदकासाठी हेच केंद्र इष्ट होय. पवईच्या त्याच संस्थेत अशा केंद्रांवर आधारित संशोधन झाले आहे. अर्थात, दोष ही संज्ञा उपयोगसापेक्ष आहे.

निष्कर्ष

शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागातील संशोधक अध्यापकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. नमुना मुंबईस न्यायचा, शुल्क भरायचे आणि एखादाच वर्णपट घेऊन परतायचे, अशा स्थितीत तो एक वर्णपटच निष्कर्ष ठरण्याचा धोका असतो. चांगले पटल टाकून दिले जाते, सदोष पटलाची प्रशंसा होते आणि विद्यार्थी तीच पद्धत शिकतो. साधनांच्या अभावावर त्वरित उपाय नाही; निष्कर्षाची मर्यादा स्पष्ट लिहिणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. तरंगलांबी, मापनबिंदूंची संख्या आणि पटलाचा अपेक्षित उपयोग या तीन बाबींची नोंद नसेल, तर परीक्षकाने शोधनिबंध परत पाठविणे उचित ठरेल.