‘निवेदन’ : गमन आणि प्रत्यागमन

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) निर्वासितांच्या आत्मकथांच्या पंक्तीत बसविणे सयुक्तिक नाही. पॅलेस्टिनी कवी मुरीद बरगूती यांची परतीची वाट १९६७ च्या युद्धाने बंद केली. रामल्ला त्यांना दिसले ते १९९६ साली. कोसंबींनी १८९९ साली गोवा सोडला तो स्वेच्छेने, बुद्धाच्या शोधार्थ. सिंहलद्वीपात पाली शिकून, ब्रह्मदेशात राहून ते १९०६ साली गोव्यास आले. पण साखवाळच्या घरी ते स्थिरावले नाहीत, स्थिरावले मराठीत. देगलूरकडे, जेथे मराठीस तेलुगू व कानडी खेटून आहेत, हे सहज उमजावे. त्यांचे गद्य अनलंकृत, शीर्षकही अहवालाचेच. उणीव एक आहे व ती लहान नव्हे : तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या बाळाबाईंचा वनवास येथे केवळ पतीच्या शब्दांत येतो.