फोटोतल्या माणसाला नाव असते

तीन हिवाळ्यांपूर्वी आमच्या दुबईतल्या हौशी फोटोग्राफी क्लबात माझा एक फोटो महिन्याचा सर्वोत्तम ठरला. देऱ्याच्या बाजूला खाडीवर जिथे लाकडी धो लागतात आणि धक्क्यावर खोक्यांच्या राशी असतात, तिथला. पहाटेचा प्रकाश, मागे धूसर गलबत, पुढे खोक्याला टेकून उभा असलेला, वर नजर लावलेला एक कामगार. मी नाव दिले होते ‘प्रतीक्षा’. परीक्षकांनी प्रकाशाचे कौतुक केले, माणूस चौकटीच्या उजव्या तृतीयांशात बरोबर बसला आहे हे दाखवले, आणि ‘गल्फमधल्या एकाकीपणाचे चित्र’ असा शेराही दिला. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी तो फोटो भावाला पुण्याला पाठवला.

फोटोतला माणूस कोण, हे मला कोणी विचारले नाही. मलाही ते माहीत नव्हते. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी क्लबाबद्दल चांगले सांगतो, कारण ते खरे आहे. आमच्यात निम्मे मराठी, बाकी मल्याळी, गुजराती, दोन फिलिपिनो परिचारिका आणि एक निवृत्त इजिप्शियन शिक्षक. इतकी वेगवेगळी माणसे या शहरात एका टेबलाशी बसतात ती बहुधा कामानिमित्त. इथे पगार आणि पद कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे मोठी लेन्स आहे तो ती रास अल खोरला फ्लेमिंगो बघायला जाताना दुसऱ्याच्या हातात देतो, कारण आडोशाच्या खिडकीतून ते पक्षी फार लांब असतात आणि साध्या लेन्सने गुलाबी ठिपके तेवढे येतात. ऑगस्टमध्ये एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरते. म्हणून तो अर्धा तास पिशवीतच बंद ठेवायचा, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, एका मल्याळी काकांनी शिकवले. वाळूत लेन्स बदलायची नाही, लिवाच्या टेकाडांवर जाताना चाकांतली हवा कमी करायची, हिवाळ्यात धुके उतरले की पहाटे चारला ग्रुपवर निरोप टाकायचा. असे शिकणे फुकट मिळते आणि कायम लक्षात राहते. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला असा क्लब म्हणजे अर्धे कुटुंब असते.

अडचण सुरू होते ती पडद्यावर फोटो आल्यावर. आमची परीक्षणे मी आता आठ वर्षे ऐकतो आहे. क्षितिज तिरके आहे. आकाश जळले आहे. डावीकडचा खांब कापा. शटर आणखी हळू ठेवले असते तर पाणी रेशमी आले असते. हे सगळे बोलणे उपयोगाचे आहे. पण फोटो बुर्ज खलिफाचा असो की माणसाचा, बोलणे एकच राहते. माणूस हा चौकटीतला एक आकार होतो. मग त्या आकाराला अर्थ यावा म्हणून आपण त्याच्यावर एक भाववाचक नाम चिकटवतो: संघर्ष, आशा, प्रतीक्षा, निरागसता. आमच्या गेल्या पाच वार्षिक प्रदर्शनांत कामगारांचे जे फोटो लागले, त्यांपैकी एकाखालीही माणसाचे नाव नव्हते. माझ्या फोटोखालीही नव्हते.

ही खोड आमच्या क्लबाची नाही, हौशी फोटोग्राफीइतकीच जुनी आहे, आणि तिचे एक मूळ आपल्या मुंबईतच सापडते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन या सरकारी नोकराने विल्यम हेंडरसनबरोबर हौशी लोकांसाठी छायाचित्रांचा आल्बम हप्त्याहप्त्याने काढला. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनचे मुंबईतल्या जातीजमातींवरचे दोन खंड निघाले. त्यातली माणसे एका ठिकाणी उभी करून टिपलेली होती, आणि मागचे देखावे वेगळे काढून नंतर जोडलेले होते. खाली लिहिलेले असे ते जातीचे किंवा समाजाचे नाव. माणसाचे नव्हे. पार्श्वभूमी कोणती हवी, हे त्या माणसाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या प्रदर्शनातल्या ‘संघर्ष’ आणि ‘आशा’ या फोटोंकडे मी जॉन्सनच्या खंडांची आठवण ठेवून पाहिले तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले. जातीच्या जागी आपण भावना लिहितो, एवढाच फरक. माणूस दोन्हीकडे नमुनाच राहतो. आणि जॉन्सन निदान साम्राज्याचा नोकर होता. आपण तर त्या कामगाराच्याच विमानाने, त्याच्याच देशातून आलेलो आहोत.

यावर क्लबात एक ठरलेले उत्तर मिळते: “अहो, इथे कायदा कडक आहे, नाव-गाव कसले विचारता?” कायदा कडक आहे हे खरे. २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या संघीय कायद्यानुसार, संमतीशिवाय एखाद्याच्या खासगीपणावर घाला घालणारे फोटो काढणे किंवा पसरवणे याला किमान सहा महिने कैद, किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याचा आमच्या फोटोंवर झालेला परिणाम मात्र बघण्यासारखा आहे. आम्ही माणसांना विचारू लागलो नाही. आम्ही त्यांना पाठमोरे काढू लागलो. सूर्यास्तासमोरचा काळा आकार, धुक्यातली आकृती, अर्धा चेहरा. आमच्याकडे सिल्हूट इतके वाढले ते सौंदर्यदृष्टीमुळे नाही, सावधगिरीमुळे. ‘प्रतीक्षा’मधला चेहरा अर्धाच दिसतो, म्हणून चालून जाईल, असा हिशेब मीही केला होता. कायदा सांगतो की संमती घ्या. आम्ही शोधून काढले की चेहरा टाळला तर संमती नको. कायद्यातून पळवाट मिळाली, पण विचारण्याची संधी हातची गेली.

याच देशात दुसऱ्या तऱ्हेने काम केलेली दोन माणसे सगळ्यांना ठाऊक आहेत. ग्वादरला जन्मलेले नूर अली रशीद १९५८ मध्ये दुबईला आले. मुंबईचे रमेश शुक्ल १९६५ मध्ये जहाजाने शारजाला उतरले, गळ्यात रोलायकॉर्ड. २ डिसेंबर १९७१ रोजी जुमेराच्या युनियन हाऊसमध्ये देश जन्माला आला, त्या दिवशी शासकांचा झेंड्याखालचा जो फोटो शुक्लांनी काढला तो आज अमिरातीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. क्लबात या दोघांचे नाव निघते ते नशिबासाठी: “योग्य वेळी योग्य जागी होते.” मला हे वाचन अपुरे वाटते. शुक्ल त्या दिवशी अचानक उगवले नव्हते; सहा वर्षे ते इथल्या माणसांत वावरत होते, काढलेले फोटो छापून ज्यांचे होते त्यांना नेऊन दाखवत होते. रशीद पन्नासएक वर्षे इथेच काम करत राहिले, २०१० मध्ये जाईपर्यंत. दोघांच्याही संग्रहात राजघराण्याबरोबर बाजार, खाडी, रस्ते आणि साधी माणसे आहेत. त्यांच्या पुष्कळ फोटोंत क्षितिज तिरके असेल, आकाश जळलेले असेल. आमच्या महिन्याच्या बैठकीत त्यांना पाचवा क्रमांकही मिळाला नसता. तरी आज देश त्यांच्याकडे बघून स्वतःला ओळखतो, कारण समोर कोण आहे हे त्यांना माहीत होते.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचे त्यांचे काम पाहिले की विषय किती अवघड, तरी माणूस कुठेच ‘नमुना’ झालेला नाही, हे जाणवते. गटारात उतरणारा माणूस नंतर घरी, बायकामुलांतही दिसतो. तिथे पोचायला लेन्सपेक्षा वेळ जास्त लागतो. तो वेळ हौशी माणसाकडे नसतो, असे कोणी म्हणेल. पण आमच्याकडे वेळ आहे: एका धुक्याच्या फोटोसाठी आम्ही सलग सहा पहाटा उठतो.

गेल्या हिवाळ्यात नव्या सदस्यांना घेऊन त्याच धक्क्यावर गेलो होतो. चहाच्या टपरीशी कोणी तरी फोनवर आपल्या बोलीत घरच्यांना रागावत होते. वळून पाहिले तर ‘प्रतीक्षा’! गुहागर तालुक्यातला माणूस, या धक्क्यावर एकोणीस वर्षे. मी ओळख दिली, मोबाईलवर तो फोटो दाखवला, नावही सांगितले. तो हसला.

“साहेब, मी कोणाची वाट बघणार? मी टॅली घेत होतो. वर पेट्या चढत होत्या, त्या मोजत होतो. मध्ये बोललो की आकडा चुकतो, म्हणून गप्प उभा.”

टॅली म्हणजे गलबतात किती नग चढले याचा हिशेब. आकडा चुकला तर तो त्याच्या अंगावर येतो. म्हणजे ज्या चेहऱ्यावर आम्ही पंचवीस जणांनी एकाकीपणा वाचला, तो एकाग्रतेचा चेहरा होता. आमच्या वाचनात चूक होती, आणि ती सुधारायला एक वाक्य पुरे होते. ते आम्ही तीन वर्षांत विचारले नाही. फोटोग्राफीच्या दृष्टीनेही हे नुकसानच. तो वर बघत मोजतो आहे हे कळले असते, तर मी दोन पावले मागे जाऊन पेट्या आणि क्रेनचा दोरही चौकटीत घेतला असता. तो फोटो याहून चांगला झाला असता.

मी त्याला प्रत देऊ केली. त्याने मान हलवली. “हा नको घरी पाठवायला. शर्ट बघा ना कसला आहे. शुक्रवारी नमाजनंतर काढा. मागे पाणी येऊ दे.”

शुक्रवारी तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला, घड्याळ नीट दिसेल असा हात ठेवला, आणि लेन्सकडे सरळ बघितले. मागे खाडी, अब्रा, पलीकडच्या काठावरचे बर दुबई. पार्श्वभूमी त्याने निवडली. मी फक्त बटण दाबले, आणि दोन प्रती छापून दिल्या.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. दुसऱ्यावर टीका झाली: उभे राहणे ताठ आहे, प्रकाश सपाट आहे, पासपोर्टच्या फोटोसारखा वाटतो. ती टीका चुकीची नाही. फोटो सपाट आहेच. मला स्वतःलाही पहिलाच जास्त आवडतो, हे कबूल करतो. पण पहिल्याला आता मी ‘प्रतीक्षा’ म्हणू शकत नाही. मी त्याचे नाव बदलून ‘टॅली’ केले आहे, आणि बदलल्यावर तो फोटो मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतो.

म्हणून क्लबापुढे मी एक साधा प्रस्ताव ठेवला. पडद्यावर माणूस आला की क्षितिजाआधी तीन गोष्टी विचारायच्या: हा कोण आहे, फोटो काढताना तो काय करत होता, आणि त्याला प्रत मिळाली का. उत्तर नसेल तर फोटो बाद करायचा नाही. फक्त त्यावर भाववाचक नाव टाकायचे नाही. काहींना हे पटले. काहींना वाटते, यात फोटोग्राफी राहिली नाही, समाजसेवा झाली. वाद चालू आहे, आणि चालू राहावा.

हाच प्रश्न आपल्या स्वतःच्या फोटोंनाही लागू आहे. आपण इथे वीस-तीस वर्षे राहतो आणि बुर्ज खलिफाचे हजार फोटो काढतो, जे कोणाही पर्यटकाकडे असतात. करामातल्या एका खोलीत सहा जणांनी काढलेले दिवस, मीना बझारमधून आणलेल्या मखराच्या सामानाने सजलेला फ्लॅटमधला गणपती, विमानतळावर बांधलेली खोकी, यांचे फोटो कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये मरतात, कारण ते स्पर्धेला लायक नसतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबू धाबीच्या ‘अक्कासा’ या छायाचित्र केंद्राने घरगुती आल्बमही जपण्याजोगे मानले आहेत. आपण आपलेच ते मानत नाही. आणि व्हिसा संपून माणूस परत गेला, की तो इथे होता याचा दुसरा पुरावा फारसा उरत नाही.

त्या बैठकीत शेवटी इजिप्शियन शिक्षकांनी विचारले, “याचे नाव काय?” आठ वर्षांत क्लबात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी नाव सांगितले. इथे लिहीत नाही, कारण मी त्याला विचारले होते: क्लबात सांगायला तो हो म्हणाला, इंटरनेटवर टाकायला नाही.