जीर्णोद्धार आणि पाठचिकित्सा : नगरच्या वास्तूंच्या निमित्ताने

जुन्या सार्वजनिक वास्तूंत नवे फेरफार करावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अभिरुचीचा म्हणून चर्चिला जातो. नवी भर डोळ्यांना खुपली तर ती वाईट, न खुपली तर चांगली, असा निवाडा होतो. प्रस्तुत टिपणात हा प्रश्न पाठचिकित्सेच्या बाजूने मांडावयाचा आहे; कारण वास्तू हीदेखील अनेक हातांनी सिद्ध झालेली एक संहिताच होय.

प्रथम शब्दाचा विचार करू. अशा सर्व कामांना मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द सर्रास लावला जातो. हा शब्द मुख्यतः देवालयांच्या संदर्भात रुळलेला आहे. देवालयात पूजा अखंड चालणे महत्त्वाचे; दगडाचे वय गौण. म्हणून जीर्ण भाग काढून नवा बसविणे तेथे पुण्यकर्म ठरते. हाच शब्द किल्ला, मकबरा वा ग्रंथालय यांना लावला की त्यामागील वृत्तीही त्याच्यासोबत येते. वस्तुतः गळती थांबविणे ही डागडुजी, आहे ते टिकविणे हे जतन, पडलेले पुन्हा उभारणे ही पुनर्रचना आणि नव्या उपयोगासाठी बदलणे हे रूपांतर. ह्या चार भिन्न क्रिया एका शब्दाखाली झाकल्या गेल्या, की कोणता फेरफार कोणत्या अधिकाराने केला, हे विचारण्याची सोयच राहत नाही.

ह्याचे मर्म समजण्यासाठी नागापूरकरांस दूर जावयास नको. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशहाच्या काळात, १५५९ ते १५६२ ह्या वर्षांत उभी राहिली. ऑगस्ट १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि आत लष्करी गरजेची बांधकामे झाली. त्यांतीलच एका साध्या, बराकवजा इमारतीत १९४२ ते १९४५ ह्या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये तेथेच लिहिला गेला. मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही तेथलीच. आता किल्ल्याला त्याचे 'मूळ' निजामशाही रूप द्यावे असे कोणी म्हणाले, तर प्रथम हीच इमारत प्रक्षिप्त ठरेल. शिल्पदृष्ट्या ती सामान्य आहे. परंतु ती काढल्यास किल्ल्याच्या इतिहासातील एक प्रकरणच फाडले जाईल.

शिवाय 'मूळ' म्हणजे तरी कोणते? नगरजवळील फराहबागेचा महाल १५७६ मध्ये बांधून झाला होता. मुर्तझा निजामशहाला तो पसंत पडला नाही. तो पाडून नवा बांधण्यात आला व १५८३ मध्ये पूर्ण झाला. आज ज्याला आपण मूळ वास्तू म्हणतो, ती अशा रीतीने दुसरा खर्डा आहे. नावांचीही तीच कथा. शहा डोंगरावरील सलाबतखानाचा अष्टकोनी मकबरा लोकांच्या तोंडी 'चांदबिबीचा महाल' झाला आहे. इतिहासदृष्ट्या हे नाव चूक, पण लोकस्मृतीचा पुरावा म्हणून मोलाचे. ते पुसावयाचे नाही, त्याला टीप द्यावयाची.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये संहितेपुरती पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ह्या बाबतीत आदर्श मानता येईल. डॉ. सुखटणकरांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार प्रक्षिप्त वाटणारा भाग नष्ट न करता तळटीपांत वा परिशिष्टांत नोंदविला गेला. वास्तुक्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने जवळपास हेच सांगितले : जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनःस्थापनेने थांबावे, सर्व काळांतील भरीचा मान राखावा, आणि नवा भाग जुन्याशी सुसंवादी असूनही नवा म्हणून ओळखू यावा.

ह्यावर एक रास्त आक्षेप आहे. सार्वजनिक वास्तू वापरात राहावयाची, तर तीत वीज, पाणी, वृद्धांसाठी व अपंगांसाठी उतरता मार्ग हवाच. तो अवश्य असावा. भिंतीपासून अलग उभारलेला लोखंडी उतार ही समासातली टीप आहे. उद्या ती खोडता येते. परंतु चुन्यातील जुन्या चिरेबंदीवर सिमेंटचा गिलावा थापला, तर दगडातील ओलावा आत कोंडतो, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. गिलावा खरवडून काढावा तर त्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही निघतो. ही टीप नव्हे. हे मूळ अक्षरांवरच शाई ओतणे झाले. म्हणून फेरफाराची कसोटी त्याचे नवेपण वा देखणेपण ही नव्हे. तो ओळखता येतो काय आणि मागे घेता येतो काय, हे दोन प्रश्न प्रथम विचारावयास हवेत.

मात्र ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि तेच ठिकाण सर्वांत महत्त्वाचे आहे. संपादकाचा निर्णय चुकला तरी पोथ्या शाबूत राहतात; पुढचा संशोधक पुन्हा पाठ ताडून पाहू शकतो. वास्तूची प्रत एकच असते. संपादकाला परवडणारे धाडस अभियंत्याला परवडणारे नाही. निदान प्रत्येक फेरफाराची तारीख, कारण आणि पूर्वीच्या स्थितीचे चित्र नोंदविल्यावाचून कोणत्याही जुन्या भिंतीला हात लावला जाऊ नये, आणि त्या नोंदीत 'जीर्णोद्धार' ह्या एका शब्दावर कोणी भागवू नये.