‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मधील ‘देणगी’ची संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा ग्रंथ १९०३ मध्ये शिकागो येथे प्रसिद्ध झाला. इतिहास, समाजशास्त्र, आत्मकथन व कथा यांचा मेळ असलेल्या या चौदा प्रकरणांच्या ग्रंथाची चर्चा बहुधा ‘दुहेरी जाणिवे’भोवती फिरते. परंतु अखेरच्या प्रकरणातील एक प्रतिपादनही तितकेच महत्त्वाचे आहे. कृष्णवर्णीयांनी अमेरिकेला कथा-गीते, श्रम आणि आत्मिक शक्ती अशा तीन देणग्या दिल्या, असे ड्यू बॉइस तेथे मांडतात. ‘देणगी’ ही संकल्पना ग्रंथातीलच पुराव्यावर कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संगीत :

ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी काव्यपंक्ती आणि त्याखाली गुलामांच्या शोकगीताची स्वरलिपी आहे. बायरन, शिलर, टेनिसन यांचे शब्द आणि गुलामांचे स्वर एकाच पानावर समान मानाने येतात. शेवटच्या प्रकरणात काव्यपंक्तीच्या जागीही कृष्णवर्णीयांचे गीतच येते. ही रचना म्हणजे केवळ अलंकरण नसून युक्तिवाद आहे.

गीत आणि श्रम मात्र वेगळे काढता येत नाहीत. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील विद्यार्थी-गायकांनी १८७१ पासून दौरे केले. त्यांतील अनेकजण गुलामगिरीत जन्मलेले होते. सात वर्षांत त्यांनी दीड लाख डॉलर मिळविले, असे ड्यू बॉइस नमूद करतात. या निधीतून संस्थेची ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी राहिली. येथे गाणे हेच काम झाले. तथापि, ते कोणासाठी गावे हे ठरविण्याचा काही अधिकार गायकांकडे होता. म्हणून त्याला देणगी म्हणणे सार्थ ठरते.

श्रम :

श्रमाबाबत तसे म्हणता येत नाही. जॉर्जियातील डोगर्टी परगण्याच्या पाहणीत ड्यू बॉइस १८९८ या कापसाच्या मंदीच्या वर्षाचा हिशेब देतात. तीनशे कूळ-कुटुंबांपैकी १७५ कुटुंबे वर्षाअखेर एकूण १४,००० डॉलरच्या कर्जात होती. ५० कुटुंबांच्या हाती काहीच उरले नाही. उरलेल्या ७५ कुटुंबांचा एकत्रित नफा १,६०० डॉलर होता. गुलामगिरी संपून तीन दशके उलटल्यावरची ही स्थिती आहे. जे हिरावून घेतले गेले ते दिले असे म्हणता येत नाही. ते येणे ठरते. लेखकाची आकडेवारी येथे लेखकाच्याच शब्दाला छेद देते.

सार्वजनिक जीवन :

तिसऱ्या प्रकरणात ड्यू बॉइस बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या तडजोडीच्या धोरणावर टीका करतात. मतदान, नागरी समता आणि उच्च शिक्षण यांवरील हक्क उद्योगशीलतेने आधी सिद्ध करावा लागत नाही, हा त्या टीकेचा गाभा आहे. शेवटच्या प्रकरणात मात्र राष्ट्रावरील हक्क देणग्यांच्या आधारे मांडला जातो. गौरवर्णीय वाचकासमोर याचक म्हणून नव्हे, दाता म्हणून उभे राहण्याची ही नीती समजण्यासारखी आहे. तरीही तिच्यात धोका आहे. योगदान हाच हक्काचा आधार मानला, तर ज्याचे योगदान नोंदले गेले नाही त्याचा हक्कही अनिर्णित राहतो. ड्यू बॉइस यांच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेलेले आफ्रिकी गीत त्यांच्या आजोबांच्या आजीने आणले होते. त्या स्त्रीचे नावही वाचकाला कळत नाही.

निष्कर्ष :

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्यामुळे हा प्रश्न मराठी अभ्यासकांना परका नाही. वंचितांच्या योगदानाची यादी करणे आवश्यक आहे. पण तेवढ्यावर थांबणे अपुरे आहे. गीत ही देणगी, श्रम हे येणे आणि नागरिकत्व हा हक्क, हा भेद ड्यू बॉइस यांनी सूत्ररूपाने मांडला नाही. परंतु त्यासाठी लागणारा पुरावा त्यांच्याच ग्रंथात आहे. या ग्रंथाचे चिरंतन मोल त्यात आहे.