शिखरकथेतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत राहणाऱ्या आमच्यासारख्या वाचकाची गिर्यारोहणातील मजल गोपाचलदुर्गाच्या चढणीपलीकडे जात नाही. त्याला हिमशिखरावर नेण्याचा भार भाषेनेच वाहावयाचा असतो. मराठी शिखरकथा हा भार पुष्कळदा अर्ध्या वाटेवर टाकते, असे आमचे मत आहे.

वस्तुतः मराठी गिर्यारोहणाचे कर्तृत्व सामूहिक आहे. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे ८ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. २०१९ साली तिचे १० जण ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगा शिखरावर चढले. अशा यशामागे सह्याद्रीत ओझी वाहण्याचा सराव, निधीची जमवाजमव आणि घरच्यांची समजूत असते. सामान्य वाचक मनाने खरा सहभागी होऊ शकतो तो या पूर्वतयारीत. आणि लेखक बहुधा तीच दोन परिच्छेदांत उरकतो. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद मराठीने जपला आहे. परंतु तयारीच्या वर्णनात ‘आपण’ म्हणावयाचे राहून जाते, आणि शिखराशी ‘आम्ही’चाही ‘मी’ होतो.

विरळ हवेतील एकाकीपणा खोटा नव्हे. तथापि १९५५ साली कांचनजंगावरील पहिल्या यशस्वी मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स स्वतः माथ्यावर गेले नव्हते. मग ते यश कोणाचे? अखेरच्या छावणीवरून परतलेल्या मित्राला किती वाक्ये मिळाली, हे आम्ही अशा ग्रंथात प्रथम पाहतो. दोरावर ज्याचे वजन तोलले, तो कथेत जड का व्हावा?