नागार्जुनकोंड्याचा उत्खननवृत्तांत

कृष्णेवर धरण बांधण्याचें ठरून नागार्जुनकोंड्याचें खोरें बुडणार हें निश्चित झाल्यावर भारतीय पुरातत्त्व खात्यानें १९५४ ते १९६० पर्यंत आर्. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन केलें. त्याच्या वृत्तांताचा पहिला खंड १९७५ सालीं निघाला. त्यांत प्रागैतिहासिक काळ आला आहे. इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी ज्यांत येते तो दुसरा खंड निघण्यास २००६ साल उजाडलें. ज्या काळामुळें हें स्थान विख्यात, त्याचें साधार वर्णन कुदळ खालीं ठेवल्यावर ४६ वर्षांनीं हातीं यावें, हें विलक्षणच!

परंतु केवळ विलंबाबद्दल आम्ही तक्रार करीत नाहीं. इतरत्र एका संशोधकाची चूक दुसऱ्यास पुन्हां खणून सुधारतां येते. लाँगहर्स्ट यांनीं १९२७ ते १९३१ पर्यंत मुख्यतः स्तूप व विहार उकरले. त्यांच्या हातून सुटलेलें पुढील मंडळींनीं शोधलें. १९६७ सालीं धरण पुरें झालें आणि तो मार्ग खुंटला. मूळ पोथी जळून एकच नक्कल उरावी, तशी या वृत्तांताची स्थिति आहे. अशा नकलेंत मूळ पाठ कोणता व नकलकाराची दुरुस्ती कोणती, हें वेगळें दिसलें नाहीं तर आमच्या संग्राहक वाचकांस काय वाटेल, तें सांगावयास नको. कांहीं वास्तू हलवून टेकडीवर व अनुपू येथें पुन्हां उभारल्या, हें काम खरोखर स्तुत्य आहे. पण विटा वर आल्या, त्यांखालचे थर आले नाहींत.

याचें महत्त्व आभीर वसुषेणाच्या लेखावरून कळेल. अष्टभुजस्वामीच्या मूर्तीचा उल्लेख असलेला हा लेख दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यांत आभीर ईश्वरसेनाचा लेख असल्यानें महाराष्ट्राच्या इतिहासाशींहि त्याचा निकट संबंध पोंचतो. त्यांतील ३० हें वर्ष राज्यारोहणापासूनचें कीं आभीर संवताचें, म्हणजे इ. स. २७८ च्या सुमाराचें, याविषयीं मतभेद आहे. शिळेवरील अक्षरें पुन्हां वाचतां येतील. मंदिराची जागा पुन्हां तपासतां येणार नाहीं. त्या जागेचे छेदनकाशे, खापरांच्या नोंदी व खणतांना लिहिलेल्या टिपणवह्या संपादकी हात न लावतां जशाच्या तशा छापाव्या, अशी आमची मागणी आहे. दोन खंडांत जागा नसेल तर तिसरा काढावा.