न दिसणारे जोड

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. रोप जसजसे वाढत गेले तसतशी एकेक चौकट ते टिपत गेले. सुमारे महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट दाखवून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे केले, हे अनेकांनी वाचलेले असते. आम्हाला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो लघुपट पाहून कोणाचीही फसगत होण्यासारखी नव्हती. वाटाणा एका मिनिटात वाढत नाही हे प्रत्येकाला परसातल्या अनुभवाने ठाऊक होते. काळ किती आकसला आहे, हे मोजण्याची पट्टी प्रेक्षकाजवळच होती.

जी गोष्ट प्रेक्षकाने कधीच पाहिलेली नाही, तिच्या बाबतीत काय होते? हा प्रश्न आम्हाला एका मुलीमुळे पडला. आम्ही संग्रहालयांतील दालनांसाठी आणि शैक्षणिक लघुपटांसाठी चित्रफितींचे संकलन करतो. निवडणे, कापणे आणि जोडणे हे आमचे काम. काही वर्षांपूर्वी एका दालनासाठी सूर्यासारख्या ताऱ्याच्या जन्मापासून अंतापर्यंतची दीड मिनिटाची चित्रफीत आम्ही तयार केली. दुर्बिणीतून घेतलेली छायाचित्रे आणि चित्रकाराने काढलेली चित्रे एकमेकांत अलगद विरघळत जातील अशी जोडली. जोड कोठेही दिसत नव्हता आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. ती पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, इतकी वर्षं कॅमेरा तिथंच ठेवला होता का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. चूक आमची होती. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे. आमच्या फितीतला प्रत्येक सेकंद सुमारे ११ कोटी वर्षांचा होता, पण तसे आम्ही कोठेही लिहिले नव्हते. छायाचित्रे निरनिराळ्या ताऱ्यांची होती, तेही सांगितले नव्हते. फाळक्यांच्या कुंडीसमोर कॅमेरा खरोखर होता. आमच्या ताऱ्यासमोर नव्हता. तरी दोन्ही फिती सारख्याच दिसत होत्या.

त्यानंतर 'पॉवर्स ऑफ टेन' हा गाजलेला लघुपट आम्ही पुन्हा पाहिला. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दाम्पत्याने तो १९७७ मध्ये आय.बी.एम. कंपनीसाठी तयार केला. लांबी सुमारे ९ मिनिटे. शिकागोतील सरोवराकाठच्या बागेत सहलीला आलेला एक माणूस झोपला आहे. १ मीटर रुंदीचा चौकोन आपण १ मीटर अंतरावरून पाहतो. मग दर १० सेकंदांनी अंतर आणि चौकोनाची रुंदी दोन्ही दसपट होत जातात. शहर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा असे करत आपण १० च्या २४ व्या घाताइतक्या मीटरवर, म्हणजे सुमारे १० कोटी प्रकाशवर्षांवर पोहोचतो. तेथून दर २ सेकंदांना एक पायरी अशा वेगाने परत येतो आणि त्या माणसाच्या हाताच्या कातडीत शिरून कार्बनच्या अणुकेंद्रातल्या प्रोटॉनपर्यंत जातो.

संकलकाच्या नजरेने पाहिले तर या लघुपटाचा पहिला गुण म्हणजे त्याची ठरलेली चाल. बाहेर जाताना प्रत्येक पायरीला १०च सेकंद. सुंदर दृश्य आले म्हणून जास्त नाहीत, काळोख आला म्हणून कमी नाहीत. दुसरा गुण म्हणजे कडेला सतत बदलणारे आकडे: एकीकडे अंतर, दुसरीकडे दहाचा घात. संग्रहालयासाठी हा गुण फार मोलाचा आहे. दालनात चित्रफीत पाहणारा माणूस उभा असतो, बरोबर मुले असतात, शेजारी गोंगाट असतो. फीत पुन्हा पुन्हा फिरत असते आणि तो आरंभी न येता मध्येच केव्हातरी येतो. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके दिसले तर त्याला काहीच कळणार नाही. 'पॉवर्स ऑफ टेन'मध्ये तो कोणत्याही क्षणी आला तरी आपण किती दूर आहोत हे आकडे वाचून समजते. परसातली जी पट्टी येथे प्रेक्षकाजवळ नाही, ती लघुपटाने स्वतः पुरवली आहे.

असे असूनही आमच्या या लघुपटाविरुद्ध दोन तक्रारी आहेत.

ही कल्पना मूळची एका शिक्षकाची. केस बुके या डच शिक्षकाने १९५७ मध्ये 'कॉस्मिक व्ह्यू' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खुर्चीवर मांजर घेऊन बसलेल्या मुलीपासून ४० उड्यांमध्ये विश्वाचे दर्शन घडते. उडी हा शब्द बुके यांनीच उपशीर्षकात वापरला आहे. एका पानावर एक आकार, पान उलटले की दुसरा. दोन पानांमध्ये काहीतरी सुटले आहे हे वाचणाऱ्याला कळते. ईम्स यांनी त्या उड्या भरून काढल्या आणि सलग सरकत जाणारा प्रवास तयार केला. पाहताना वाटते की कॅमेरा खरेच मागे मागे जात आहे.

तो तसा जाऊ शकत नाही. फळ्यावर हिशोब करून पाहावा. १० च्या ९ व्या घातापासून १० व्या घातापर्यंतच्या पायरीत कॅमेऱ्याला १० सेकंदांत ९०० कोटी मीटर जावे लागेल, म्हणजे सेकंदाला ९० कोटी मीटर. प्रकाश सेकंदाला ३० कोटी मीटर जातो. आपण चंद्राच्या कक्षेच्या थोडेसे पलीकडे जातो न जातो तोच कॅमेरा प्रकाशाच्या तिप्पट वेगाने धावू लागतो! गंमत अशी की ईम्स यांना हे पुरते ठाऊक होते. १९६८ मध्ये त्यांनी याच कल्पनेचा एक कच्चा आराखडा केला होता. त्यात पडद्यावर प्रवाशाचे घड्याळ, पृथ्वीवरचे घड्याळ आणि वेग प्रकाशाच्या किती टक्के आहे हे दाखवणारा आकडा होता. १९७७ च्या आवृत्तीतून हे सारे गेले. पडदा मोकळा झाला, लघुपट देखणा झाला, पण वर्गात चर्चेला लावणारी नेमकी गोष्ट कापली गेली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वाटेत कोठे छायाचित्र संपते आणि कोठे चित्रकाराचे काम सुरू होते, हे लघुपट सांगत नाही. एकही जोड दिसत नाही. त्यामुळे विमानातून दिसलेले शहर आणि प्रयोगांवरून अनुमानलेला अणू यांना सारखाच भरवसा मिळतो. खरे तर विज्ञानाची सगळी मेहनत या जोडांपाशी आहे. डोळा संपतो तेथे दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक लागतो आणि तोही संपला की गणित लागते. जोड लपवला की ती मेहनतही लपते. अखेरच्या टप्प्यावर मात्र लघुपट सावध होतो. प्रोटॉनच्या आत रंगीत ठिपके थरथरताना दिसतात, तेव्हा निवेदक फिलिप मॉरिसन हे क्वार्क असावेत का, असा प्रश्न विचारतात. मॉरिसन स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. असे प्रश्न आणखी चार-पाच ठिकाणी आले असते तर आमची तक्रार उरली नसती.

म्हणून हा लघुपट दाखवू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. दाखवावा, पण दोनदा. पहिल्यांदा कोणीही मध्ये बोलू नये. त्याची मोहिनी खरी आहे आणि ती मुलांना लाभली पाहिजे. दुसऱ्यांदा दर पायरीला फीत थांबवावी आणि वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: आकार किती, काय दिसते आणि हे आपल्याला कसे कळले. तिसरा रकाना भरायला वेळ लागेल. काही ठिकाणी तो रिकामाही राहील. मोठ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न घरी न्यायला द्यावा. आज दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे मानतात. तर लघुपट आज काढला असता, तर बाहेरच्या बाजूला आणखी किती पायऱ्या लागल्या असत्या?

ताऱ्याची ती फीत आम्ही पुन्हा जोडली. कोपऱ्यात प्रत्येक वेळी 'छायाचित्र' किंवा 'काढलेले चित्र' असे लिहिले, खाली वर्षांची पट्टी घातली आणि अलगद विरघळणारे सारे जोड काढून सरळ कट घेतले. फीत पूर्वीइतकी देखणी राहिली नाही. पण आता मुले तिच्यासमोर उभी राहून विचारतात, "हे चित्र काढणाऱ्याला कसं कळलं?" त्याचे उत्तर द्यायला दालनात जागा नाही. ते काम वर्गात बाईंना आणि सरांनाच करावे लागेल.